एकेचाळीस दोऱ्या

"मारेकरी सापडला नाही, तर काय करायचं?" सिपोराबाईंनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "मोजायचं."

"काय मोजायचं?" दाऊदभाई म्हणाला.

"अंतर. वाचा ना मास्तर पुढे."

मी वाचत होतो. सिपोराबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून तोराचं, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाचं, मराठी पुस्तक माझ्या मांडीवर असायचं. हिब्रू त्यांना पाठ होतं. त्या आधी ते म्हणत, मग मी मराठी वाचायचो, शाळेत धडा वाचतो तशा खणखणीत आवाजात. त्या रविवारी दुपारीही मी तसाच वाचत होतो. उघड्या रानात प्रेत सापडलं, कोणी मारलं ते कळेना, तर आसपासच्या गावांच्या वडीलधाऱ्यांनी यावं आणि प्रेतापासून प्रत्येक गावापर्यंत अंतर मोजावं. जे गाव जवळ, त्या गावच्या म्हाताऱ्यांनी एक कालवड वाहत्या पाण्याच्या ओहोळाशी न्यावी, तिची मान मोडावी, तिच्यावर हात धुवावेत आणि म्हणावं की हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही.

इथे मी थांबलो. मी पाणी मागितलं.

सन त्र्याऐंशी, भाद्रपद. आमच्या आंबोळे गावातल्या इस्राएलांच्या, म्हणजे ज्यू लोकांच्या, मशिदीचा ओटा; त्यांच्या प्रार्थनागृहाला गावात मशीदच म्हणत. एके काळी गावात त्यांची बावीस घरं होती. शनिवारी, शब्बाथ पाळायला, घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून सगळे त्यांना शनवार तेली म्हणत. एकेक करून घरं इस्राएलला गेली. सिपोराबाईंचे यजमान प्रार्थना चालवायचे, ते वारले आणि मागे उरल्या बाई आणि मशिदीची किल्ली.

"प्रार्थनेला दहा पुरुष लागतात," त्या म्हणायच्या. "तुम्ही दोन आहात, आणि तेही चुकीचे. पण पुस्तक उघडायला दोन पुरतात. आठवडाभर न वाचलेलं पुस्तक घरात बरं नाही."

म्हणून आम्ही जमायचो. दाऊद मुकादम, शिंपी, गळ्यात कायम टेप. मी, अनंत थळे, प्राथमिक शाळेचा हेडमास्तर. तीन वर्षं हा परिपाठ होता. एक भाग वाचायचा आणि मग विचारायचं, आपल्या गावात याचं काय करायचं? शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडा असं आलं, तेव्हा दाऊदभाईने कापडाचे उरलेले तुकडे फेकायचं बंद केलं; त्यांची टोपडी शिवून तो बाळंतिणींना द्यायला लागला. बहिऱ्याला शिव्या देऊ नका असं आलं, तेव्हा मी वर्गातल्या एका मुलाची माफी मागितली. त्या दिवसांत मी स्वतःला चांगला माणूस समजत होतो.

"आमच्या कुराणातही गाय आहे," दाऊदभाई म्हणाला. "खुनाचाच मामला. मूसा पैगंबर सांगतो गाय कापा, आणि लोक विचारत बसतात, कसली गाय? रंग कुठला? वय किती?"

"म्हणजे काम टाळायला प्रश्न विचारतात," बाई म्हणाल्या.

"अगदी मास्तरांच्या शाळेतल्यासारखं."

दोघं हसले. मग हसणं थांबलं, कारण आदल्या दिवशीच, शनिवारी सकाळी, आमच्या गावच्या आणि खारढोणच्या मधल्या बंधाऱ्यावर एक माणूस मरून पडलेला सापडला होता. पन्नाशीचा, फाटका सदरा, गळ्यात कापडी पिशवी, पिशवीत छोटी हातोडी आणि दोन टाक्या, म्हणजे दगडाच्या छिन्न्या. जात्याला टाकी घालत गावोगाव फिरणारा. अंगावर जखम नाही. तापाने गेला असावा. दोन्ही गावचे पोलीस पाटील बंधाऱ्यावर उभं राहून हद्दीवरून भांडले. शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात नेला. सोमवारी दुपारपर्यंत कोणी ओळख सांगितली तर ठीक, नाहीतर बेवारस म्हणून पुरणार होते.

"त्याला नाव असेल," बाई म्हणाल्या. "कुठेतरी कोणी वाट बघत असेल. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे."

मी पुस्तक मिटलं.

"हा भाग मुद्दाम काढलात तुम्ही?"

"मी?" त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "आठवड्याचा जो भाग येतो तो येतो, मास्तर. जगभर या आठवड्यात हाच वाचतात. मी कोण काढणार?"

"पण इथे खून झालेला नाही. आणि कालवडीची मान मोडायची, हे मला ऐकवत नाही. माफ करा, पण आमच्याकडे गाय म्हणजे... तुमच्या दोघांच्या ग्रंथांत गाय मारायचीच कशाला येते?"

तीन वर्षांत 'आमच्याकडे' आणि 'तुमच्या दोघांच्या' असं त्या ओट्यावर कोणी बोललं नव्हतं. दाऊदभाईने गळ्यातला टेप काढला आणि बोटाला गुंडाळायला लागला. मला गाईचं काही वाटलं नव्हतं. त्या क्षणी हाताला आली ती वस्तू मी फेकली होती.

सिपोराबाई शांतपणे म्हणाल्या, "वासरू नको. आमचं जुनं मोठं देऊळ पडलं तेव्हापासून आम्हीही मारत नाही. मला शब्दांचं पडलंय. मास्तर, तुम्हीच सांगा, गावच्या म्हाताऱ्यांना असं का म्हणायला लावतात? ते काय खुनी असतात?"

मी मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवला.

"आमच्या जुन्या पंडितांनी हेच विचारलं. आणि त्यांनी उत्तर दिलं की म्हातारे एवढंच सांगतात: तो आमच्या दारी आला आणि आम्ही त्याला उपाशी घालवला, सोबत न देता वाटेला लावला, असं झालं नाही. एवढंच. ज्याला हे म्हणता येईल त्याने हात धुवावेत." त्या उठल्या, काठी चाचपली. "आपण तिघं या गावचे म्हातारे. चला."

"कुठे?"

"मोजायला."

*

शुक्रवारी दुपारी मी झोपलो होतो. हे आधी सांगून ठेवतो.

*

"शिंप्याच्या टेपने बंधारा मोजायचा? सोमवार उजाडेल," दाऊदभाई म्हणाला. मग त्याने वाटेत एका वाडीतून नारळ उतरवायची सुंभाची दोरी मागून आणली आणि टेपने मापून वीस हातांवर गाठ मारली. तो एक टोक धरून पुढे जायचा, मी दुसरं टोक धरून मागे. सिपोराबाई काठी टेकत मधून चालायच्या आणि मोठ्याने आकडा म्हणायच्या.

आधी खारढोणकडे. बंधारा पावसाने बुळबुळीत झालेला. एका बाजूला खारजमीन, दुसऱ्या बाजूला खाडी. भरतीचं पाणी वर आलं की निम्मी वाट ओली होते. पावसाळ्यात तिथून कोणी जात नाही. त्रेसष्ट दोऱ्या भरल्या.

मग उलट, आमच्या गावाकडे. तीसनंतर मला पुढचं कळायला लागलं. तिकडून गावातलं पहिलं घर कुठलं ते मला माहीत होतं. चाळीस. बाई म्हणाल्या, "एकेचाळीस," आणि दाऊदभाई थांबला. त्याच्या हातातली गाठ एका लाकडी खांबाला टेकली होती.

"मास्तर, तुमचं फाटक."

"घर कुणाचं ते बघायचं नाही," बाई म्हणाल्या. "गाव बघायचं. गाव आपलं निघालं."

आम्ही परत बंधाऱ्यावरच्या उघाडीपाशी गेलो. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी अडवायचं दार. ओहोटीला त्यातून पाणी वाहतं. त्या वेळी वाहत होतं. सिपोराबाई खाली बसल्या. हात पाण्यात घातले नाहीत, नुसते पाण्यावर धरले.

"मला नाही म्हणता येत," त्या म्हणाल्या.

"बाई?"

"शुक्रवारी दुपारी आला होता माझ्याकडे. शब्बाथचा स्वयंपाक अर्धा राहिला होता, सूर्य बुडायच्या आत उरकायचा. भाकरी दिली, आमटी दिली. अंग तापलेलं होतं, कळलं मला हाताला. टेकू का म्हणाला. मी म्हटलं, बाबा, मी एकटी बाई, आज घाई आहे. मास्तरांकडे जा, त्यांची ओटी मोठी आहे. नाव विचारलं नाही. दारापर्यंतसुद्धा गेले नाही. जेवायला दिलं, सोबत दिली नाही. अर्धंच केलं." त्यांनी हात पदराला पुसले. कोरडेच होते ते. "मी नाही धुणार."

दाऊदभाईने हातातली दोरी खाली ठेवली.

"माझ्या दुकानासमोरून गेला," तो म्हणाला. "खोकत होता. मी मशीनवर होतो, कॉलर चढवत होतो. कॉलर चढवताना मान वर केली की शिवण सरकते. मी मान वर केली नाही. हे चालतं का, बाई?"

"नाही चालत, दाऊद."

"मग राहू दे."

दोघं माझ्याकडे वळले. बाईंच्या डोळ्यांना मी नुसता उजेडातला डाग दिसत असेन.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तो पोचला का तुमच्याकडे?"

वर लिहिलंय की मी झोपलो होतो. झोपलो नव्हतो.

*

शुक्रवारी चार वाजता वृंदाला, माझ्या मुलीला, बघायला पाहुणे येणार होते. अलिबागचं स्थळ, मुलगा बँकेत. ओटी सारवून घेतली होती. शाळेतल्या चार खुर्च्या आणून त्यांवर धुतलेले अभ्रे घातले होते. माझी बायको, कुसुम, आत पोहे भिजवत होती. सव्वातीनला फाटक वाजलं.

सदरा ओला, घामाने की पावसाने कळेना. डोळे लाल. पिशवीत लोखंड वाजलं.

"मास्तर, पाचच्या गाडीपर्यंत टेकू का ओटीवर? त्या इस्राएल बाईंनी सांगितलं."

"आज पाहुणे यायचेत."

"कोपऱ्यात बसतो. खाली. खुर्चीला हात नाही लावत."

मी खुर्च्यांकडे बघितलं. त्याने ते पाहिलं. तेव्हा तो, आपण अगदीच कोणी ऐरागैरा नाही हे पटवून द्यायला माणसं सांगतात तसं, सांगायला लागला.

"मी भिवा. म्हसळ्याकडचा. जात्याला टाकी घालतो. पोयनाडला लेक दिलीय माझी, तुळसा. तिच्याकडे निघालोय. अंगात कणकण आली म्हणून, नाहीतर थांबलो नसतो."

"खारढोणच्या नाक्यावरून लवकरची गाडी मिळेल," मी म्हणालो. "या बंधाऱ्यावरून जा. जवळ पडेल."

"पाणी..."

"पुढे विहीर आहे."

पुढे विहीर नव्हती. पुढे खाडी होती. भरती चढत होती. मला पाहुण्यांची मोटार यायच्या आत तो दिसेनासा व्हायला हवा होता. रस्त्याने पाठवला असता तर तो समोरून येणाऱ्या पाहुण्यांना दिसला असता, म्हणून मी त्याला बंधारा दाखवला.

मास्तरांनी फाटक लावलं, कडी घातली.

पाहा, इथे मी 'मास्तर' झालो. मी लावलं. मी कडी घातली.

"कोण होतं हो?" कुसुमने आतून विचारलं.

"कोणी नाही."

स्थळ जमलं. वृंदा सुखात आहे.

*

"तो पोचला का तुमच्याकडे?"

मला नाव माहीत होतं. गाव माहीत होतं. लेकीचं नाव, तिचं सासर, सगळं माहीत होतं. सोमवार दुपारपर्यंत वेळ होता. भाकरी देऊनसुद्धा एक बाई हात धुवायला तयार नव्हती. एक शिंपी नुसती मान वर केली नाही म्हणून मागे सरला होता. मी तोंड उघडलं असतं तर तुळसा रात्रीच्या आत दवाखान्यात पोचली असती. बंधाऱ्यावर त्या दोघांशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. पण त्या ओट्यावर तीन वर्षं पुस्तक माझ्या मांडीवर असायचं.

मी वाकलो. दोन्ही हात पाण्यात घातले. पाणी गार होतं, खारट वास येत होता. आणि शाळेतल्या आवाजात म्हणालो,

"माझ्या दारी कोणी आलं नाही. आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही. आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही."

ओहोटीचं पाणी वाहत होतं.

"बरं," सिपोराबाई म्हणाल्या. "म्हणजे वाटेतच पडला बिचारा."

त्यांनी एवढंच म्हटलं. काठी घेतली आणि चालायला लागल्या. दहा-बारा पावलं गेल्यावर थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "फक्त, मास्तर, एवढ्या मोठ्या गावात त्याला बंधारा दाखवला कोणी? परक्या माणसाला ती वाट सापडत नाही."

दाऊदभाई दोरी गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

सोमवारी त्याला पुरलं. दाऊदभाईने कफन शिवलं. नंतर मला म्हणाला, "मापाशिवाय शिवलेलं पहिलं कापड, मास्तर." बाई अंदाजानेच दोन मुठी माती टाकून आल्या. मला शाळा होती.

*

पुढच्या रविवारी मी गेलो. त्याच्या पुढच्याही गेलो. पुस्तक माझ्याच मांडीवर होतं. कोणी काही विचारलं नाही. एकच बदल झाला: आता भाग वाचून झाला की बाई "बरं" म्हणत आणि आम्ही चहा पीत असू. आपल्या गावात याचं काय करायचं, हा प्रश्न पुन्हा निघाला नाही. तीन वर्षांत जे उभं केलं होतं ते त्या एका वाक्याने आतून पोखरलं. पंच्याऐंशीत बाई मुलाकडे इस्राएलला गेल्या. मशिदीची किल्ली दाऊदभाईला दिली. मला पुस्तक दिलं.

दर वर्षी भाद्रपदाच्या सुमाराला त्यांचं पत्र यायचं. नातीच्या हातचं, वाकडं मराठी. सगळी खुशाली, आणि शेवटी एकच ओळ: "या आठवड्याला तोच भाग आहे. वाचलात का मास्तर?" मी उत्तरात पाऊस लिहायचो, गावातलं लिहायचो, वृंदाची मुलं लिहायचो. दाऊदभाई वारला ते लिहिलं. एकोणीस पत्रं आली. एकोणीस वेळा मी पाऊस लिहिला.

विसाव्या वेळी लिहिलं. कुसुम गेली होती, घरात मी एकटा. ओटी रिकामी, बसायला कोणी येत नाही. मी लिहिलं: तो आला होता. नाव भिवा. लेक तुळसा, पोयनाडला. बंधारा मी दाखवला. मला क्षमा करा.

उत्तर महिन्याने आलं. या वेळी खुशाली नव्हती.

"मास्तर, मला माहीत होतं. मी डोळ्यांनी अधू होते, कानांनी नव्हते. तुम्ही ते वाक्य फार स्वच्छ म्हणालात. पण मी बोलले असते तर तुमचं तोंड मी उघडलं असतं, तुम्ही नाही. ही माझीही चूक. त्यापायी त्या माणसाचं नाव गेलं, आणि ते मी रोज आठवते. आता क्षमा मला कसली मागता? मी समुद्रापलीकडे बसले आहे. दोरी काढा आणि मोजा. पोयनाड माझ्यापासून जवळ, की तुमच्यापासून?"

*

बावीस किलोमीटर. गाडीने पाऊण तास. एकवीस वर्षं मी पोयनाडच्या स्टँडवरून अलिबाग-पेण जात-येत होतो.

'टाकीवाल्या भिवाची तुळसा' असं विचारत विचारत गेलो. मला वाटलं होतं, सापडणार नाही. तिसऱ्या माणसाने बोट दाखवलं. पिठाच्या गिरणीत होती. चाळिशी उलटलेली, भुवयांवर पीठ.

"मी तुमच्या वडिलांना..." मी म्हणालो. "ओळखत होतो."

तिने गिरणीचा पट्टा थांबवला. एकदम शांत झालं.

"आबांना? कुठे भेटले? कुठे आहेत?"

आहेत, म्हणाली ती.

"बरीच वर्षं झाली," मी म्हणालो.

"भाद्रपदात यायचे होते. माझं पहिलं बाळंतपण होतं. नंतर म्हसळ्याला निरोप पाठवला, तिकडेही नाहीत. लोक म्हणाले, असतील कुठे फिरत, त्यांचं कामच तसं. मी म्हणते, आता दळायची जाती राहिली नाहीत, आता तरी येतील." ती हसली. "तुम्ही बसा आधी. उन्हाचे आलात. आबांच्या ओळखीचं माणूस, जेवल्याशिवाय जायचं नाही."

मी सांगणार होतो. तिने आधी पाणी दिलं. तांब्याभर. मी सांगणार होतो. तिने गिरणीच्या मागच्या खोलीत पाट मांडला, भाकरी थापली, सुक्या बोंबलाची चटणी वाढली. मी जेवलो. सगळं जेवलो. तिने आणखी एक भाकरी वाढली, तीही मी खाल्ली, आणि तोंडात घास होता तोवर बोलावं लागलं नाही.

"पाचची गाडी आहे ना? चला, स्टँडपर्यंत येते. रस्ता खणून ठेवलाय, तुम्हाला कळायचं नाही."

"नको. मी जाईन."

"असं कसं? म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडू?"

ती माझ्या डाव्या बाजूने चालली, गटाराच्या बाजूने. जिथे खडी टाकली होती तिथे तिने माझा दंड धरला. स्टँडवर आम्ही उभे राहिलो. ती आबांबद्दल बोलत होती; टाकी घालताना ते ठोक्यावर कसे गुणगुणायचे, लांबून ऐकू आलं की ती कशी पळत जायची.

गाडी लागली. दार उघडलं.

"चला, बसा," तुळसा म्हणाली. "जागा आहे खिडकीची."

मी बसलो नाही.